ब्रिटनचा पाऊस सांभाळणारे म्हसवडकर

हायडेलबर्ग येथे ज्या घरात मी मुलाकडे राहतो, त्या घराच्या वरच्या मजल्यावर कित्येक वर्षे ब्रिटनचा पाऊस पडत असे. खाली नेकार नदी संथ वाहत असावी, टेकडीवर लख्ख ऊन पडलेले असावे, पर्यटकांनी जुन्या पुलावर आइस्क्रीम चाटत उभे राहावे आणि त्याच घटकेला जिन्यावरून उतरणाऱ्या वासुदेव म्हसवडकरांचे मुख श्राद्धाचे जेवून परतलेल्या माणसासारखे गंभीर असावे, हे आमच्या इमारतीत नित्याचेच झाले होते. ते गाव सोडून गेले, त्याला आता काळ लोटला. वर एक अबोल विद्यार्थी राहतो. त्याला पावसाचे सुखदुःख नाही.

मी नुकताच येथे आलो होतो, तेव्हाची गोष्ट. आकाश निरभ्र होते. दारातच हात जोडून म्हसवडकर म्हणाले, "नमस्कार गुरुजी. आज फार वाईट पाऊस आहे."

मी वर पाहिले. नंतर त्यांच्याकडे पाहिले. परक्याचे बोलणे प्रथम स्वीकारावे आणि मग त्याचा विचार करावा, असे मला पाठशाळेत शिकवले आहे. मी म्हटले, "असेल."

त्यांना गहिवरून आले. "या देशात पहिल्यांदाच कुणी वाद न घालता मान्य केलं हो!"

पुढे उलगडा झाला. म्हसवडकर विमा कंपन्यांना पुराच्या नुकसानीचा अदमास पुरवणाऱ्या एका लहानशा संस्थेत नोकरीस होते. मंत्रिमंडळात खाती वाटावीत तसे तेथे देश वाटलेले होते. इटली एका स्थूल जर्मन गृहस्थांकडे, पोलंड एका तुर्की बाईंकडे आणि ब्रिटन म्हसवडकरांकडे. ब्रिटनवर ढग जमू लागले की यांच्या पडद्यावर निळा रंग उमटे, पाऊस वाढला की तो पिवळा होई, अनावर झाला की तांबडा. त्या रंगांवरून कोणत्या खोऱ्यात किती पाणी उतरेल आणि कोणाच्या दिवाणखान्यात शिरेल, हे ते येथे बसून सांगत.

मी आदराने विचारले, "म्हणजे त्या बिचाऱ्यांना आपण आधी सूचना देता?"

"छे छे! त्यांना नाही. त्यांच्या विमा कंपनीला."

कलियुगात करुणेलाही मध्यस्थ लागतो, एवढेच मी मनाशी म्हटले. पूर अडवणे हे त्यांचे काम नव्हतेच. तो येऊन गेल्यावर कुणाला किती वाईट वाटावे, याचा अंदाज आधीच बांधून ठेवणे, हे त्यांचे काम होते. आणि ते काम त्यांनी अग्निहोत्र्याच्या निष्ठेने केले, याबद्दल माझ्या मनात कधीही शंका आली नाही. संस्थेचे नियम मात्र त्यांच्या निष्ठेहून सुज्ञ होते. संध्याकाळ झाली की फायराबेंड, म्हणजे कामाला विराम. शुक्रवारी कचेरी बंद झाल्यावर ब्रिटनमध्ये जो पाऊस पडे, तो सोमवारी सकाळी पडला असे समजण्याची तेथे रीत होती. म्हसवडकरांना ही रीत सोसवत नसे. शनिवार-रविवारी ते घरीच स्वतःच्या यंत्रावर ढग पाहत बसत आणि सोमवारी कचेरीत जाऊन तोच पाऊस पुन्हा, अधिकृतपणे पाहत.

ब्रिटनमधील नद्यांविषयी ते आपल्या चुलत-मावस बहिणींविषयी बोलावे तसे बोलत. "सेव्हर्न मोठी सोशीक, गुरुजी. दोन दिवस एक शब्द बोलणार नाही. मग असं काही काढेल की सगळं घर बाहेर! काल्डरचं तसं नाही. ती तोंडाची फटकळ. डोंगरावर थेंब पडला की खाली हिचा आवाज." हिवाळ्यातील पावसाबद्दल त्यांना विशेष तक्रार नव्हती. तो पाहुण्यासारखा कळवून येतो, असे ते म्हणत. उन्हाळ्यातला पाऊस मात्र त्यांच्या मते जावई होता. "केव्हा येईल ते सांगणार नाही. आणि आला की सगळं गाव सोडून एकाच घरी ठाण मांडणार!"

इतके असूनही त्यांनी ब्रिटन कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. उन्हाळा हा कामाचा हंगाम, त्यामुळे तेव्हा उर्लाउब, म्हणजे रजा, मागणे त्यांना अधर्म वाटे. हिवाळ्यात जावे, तर तेथे शिकणारी आणि पुढे तेथेच नोकरी करणारी त्यांची कन्या मृणाल स्वतःच येथे येई. "आणि मी तिकडं जाऊन बघायचं काय?" ते विचारत. "मला तिथली नाली न् नाली ठाऊक आहे."

त्यांचे शेजारी त्यांना हेर रेगन म्हणत. हेर म्हणजे श्रीयुत, रेगन म्हणजे पाऊस. या नावात थट्टा किती आणि आदर किती, ते एका प्रसंगाने कळले. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात एकदा सर्व बिऱ्हाडे अंगणात शेगडी पेटवून एकत्र जेवतात. तळमजल्यावरच्या फ्राऊ वेबर या त्या सोहळ्याच्या अधिष्ठात्री. कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकावा याविषयी त्यांचा शब्द आमच्याकडे स्मृतिवचनासारखा मानला जातो. त्या दिवशी ढग दाटून आले. फ्राऊ वेबर यांनी हात पुसत विचारले, "हेर रेगन, शेगडी आत घ्यावी का?"

सर्वांचे डोळे म्हसवडकरांकडे लागले. त्यांनी वर पाहण्याचे कष्टही घेतले नाहीत. नम्रपणे म्हणाले, "क्षमा करा. जर्मनीसाठी मी त्सुष्टेन्डिग नाही."

त्सुष्टेन्डिग म्हणजे अधिकारी, ज्याच्याकडे ते खाते आहे असा. मला वाटले, आता हशा होणार. पण त्या अंगणात जी शांतता पसरली ती कौतुकाची होती. इतके निर्दोष उत्तर एका परदेशी माणसाच्या तोंडून त्यांनी ऐकलेच नव्हते. फ्राऊ वेबर यांनी समाधानाने मान डोलावली आणि शेगडी होती तेथेच ठेवली. थोड्याच वेळात आभाळ फाटले. कोळसे विझले, पाव भिजले, सर्व मंडळी जिन्याखाली दाटीने उभी राहिली. म्हसवडकरांना कोणी एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट फ्राऊ वेबर यांनी सर्वांत आधी त्यांच्याच खांद्यावर टॉवेल ठेवला.

अशा माणसाचा जन्म माणदेशातला असावा, ही विधात्याची थट्टा. त्यांच्या गावी पाऊस हा नातलग नव्हता, तो देव होता, आणि फारसा न पावणारा. सलग दोन नक्षत्रे कोरडी गेली की गावकरी विहिरीचे उरलेसुरले पाणी घागरींनी वाहून महादेवाचा गाभारा भरत आणि पिंड पूर्ण बुडवून दार लावून घेत. देवाचा जीव गुदमरला म्हणजे तो पाऊस पाठवील, अशी समजूत. लहानपणी म्हसवडकरांनी त्या घागरी वाहिल्या होत्या. ज्याने पाऊस यावा म्हणून देवाला कोंडले, त्याचाच पुढे पाऊस येईल या भीतीवर संसार चालावा, याचे त्यांना स्वतःला कधी हसू आल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई राजापूरकडच्या. त्यांना मात्र ते हसू वारंवार येई.

"ह्यांना पाऊस बघायची हौस," त्या म्हणत. "आमच्याकडे चार महिने दुसरं काही बघायला नसतं."

या जोडप्याची मृणाल ही एकुलती मुलगी. ती येथेच वाढली. मराठी सर्व समजे, परंतु रागावली की जर्मनमध्ये रागावे. ती ब्रिटनला गेल्यापासून वडिलांचे प्रेम तिच्यापर्यंत केवळ एकाच रूपाने पोहोचत असे. सकाळी दूरध्वनी येई, "आज त्या पुलावरून जाऊ नको." तळमजल्यावरची खोली घेऊ नको. नदीकाठच्या कचेरीत नोकरी धरू नको. तिला पदवी मिळाली, त्या समारंभासही हे गेले नाहीत. त्या आठवड्यात उत्तरेकडे तांबडा रंग होता. तिला नंतर जेव्हा जेव्हा त्याविषयी बोलताना ऐकले, तेव्हा ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला अधिक काळजीचे वाटले.

मग मृणालचे लग्न ठरले. ओवेन नावाचा तेथीलच मुलगा, सालस. लग्न ऐन उन्हाळ्यात, एका शेतकऱ्याच्या नदीकाठच्या कुरणावर, आकाशाखाली करायचे, असे दोघांनी ठरवले. वडिलांना तिने एकच अट घातली. "बाबा, तुम्ही माझे वडील म्हणून या. हवामान खातं म्हणून नको."

म्हसवडकरांनी अट मान्य केली आणि दुसऱ्याच दिवशी त्या शेतकऱ्याला दूरध्वनी केला. हेतू आभार मानण्याचा होता, असे त्यांनी मला शपथेवर सांगितले. आभार मानून झाल्यावर त्यांनी सहज विचारले, नदी कशी आहे? शेतकरी म्हणाला, छान आहे. एवढ्यावर दूरध्वनी ठेवायला हवा होता. पण ओळखीच्या मुलीसारख्या त्या नदीला कुणी मोघम "छान आहे" म्हणावे, हे यांना सहन होईना. त्यांनी त्या कुरणाचा उतार, त्याच्या खालची माती, वरच्या अंगाला मिळणारे दोन ओढे आणि उन्हाळी पावसात त्या तिघांची होणारी एकी यांचे असे सविस्तर निरूपण केले की, त्या कुरणावर पिढ्यान्पिढ्या गुरे चारणाऱ्या त्या भल्या माणसाला रात्रीची झोप येईना. त्याने कुरण देण्यास नकार दिला.

मृणालचा दूरध्वनी आला तेव्हा सुनंदाबाई आमच्याकडे माझ्या सुनेला कोकमाची बरणी द्यायला आल्या होत्या. त्यामुळे तो आम्हा सर्वांनाच ऐकावा लागला.

"आई, बाबांना सांग, एस राइश्ट. पुरे झालं. मी त्या माणसाच्या पाया पडून कुरण परत मिळवलंय. त्याची एकच अट आहे, जर्मनीतल्या त्या गृहस्थांनी पुन्हा फोन करायचा नाही. आणि माझीही आहे. बाबांनी येऊ नये."

"अगं, असं नको गं म्हणू. बाप आहे तो."

"तू ये. ते तिथूनच बघतील. त्यांना तिथून जास्त चांगलं दिसतं."

हे शेवटचे वाक्य तिने स्वच्छ मराठीत म्हटले.

त्यानंतर म्हसवडकर कचेरीत जात, येत, जिन्यात भेटले तर नमस्कार करत, परंतु ब्रिटनमध्ये काय चालले आहे ते सांगत नसत. लग्न शनिवारी होते. त्या आठवड्यातील एका दुपारी ते पायात घरातल्या चपला तशाच घालून खाली आमच्या दारात आले. "गुरुजी, वर या. आत्ताच्या आत्ता. शास्त्रार्थ आहे."

मी वर गेलो. स्वयंपाकघरात ओट्यावर एक मोठे स्टीलचे पातेले पाण्याने भरून ठेवले होते आणि त्यात देव्हाऱ्यातले सगळे देव बुडवलेले होते. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि तळाशी महादेवाची छोटी पिंड. सुनंदाबाई शेजारी उभ्या राहून शांतपणे कणीक मळत होत्या.

"बघा!" म्हसवडकरांनी पातेल्याकडे बोट केले. "पिंड बघा! आमच्या गावी हे कशासाठी करतात, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"पाऊस पडावा म्हणून," मी म्हटले.

"हिनं सोमवारपासून घातलेत! आणि सोमवारपासूनच तिकडं अटलांटिकवर..." ते थांबले. नंतर आवाज खाली आणून, अत्यंत शास्त्रीय गांभीर्याने म्हणाले, "हे पाहा, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ढगांची कारणं वेगळी असतात. पण पिंड तेवढी बाहेर काढायला सांगा. बाकीचे राहू देत. गणपतीचा पावसाशी काही संबंध नाही."

"काढायची नाही," सुनंदाबाई कणकेवरून नजर न उचलता म्हणाल्या. "आमच्या राजापुरात पावसासाठी देवाला कुणी पाण्यात घालत नाही. तो न बोलावता येतो. आम्ही काही अडलं तरच घालतो, आणि मनासारखं झाल्याशिवाय काढत नाही."

म्हसवडकर माझ्याकडे वळले. "गुरुजी, पाऊस थांबवायचा एखादा मंत्र असेलच ना?"

मी त्यांना खरे ते सांगितले. आमच्या पठणात पावसासाठी मागणे पुष्कळ आहे. एकाच ठिकाणी ऋषी म्हणतो की, आता पुष्कळ वर्षलास, आता आवर. परंतु ते पाऊस पडून गेल्यावर, तृप्त होऊन म्हणायचे आहे. पाऊस येण्याआधीच त्याला आवर म्हणण्याइतके आमचे पूर्वज विम्याच्या व्यवसायात निष्णात नव्हते.

त्यांचा चेहरा पडला. मग मी सुनंदाबाईंना विचारले, "बाई, देव पाहतो तो संकल्प. पातेले पाहत नाही. आपला संकल्प काय आहे? शनिवारी ऊन पडावे, हाच ना?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "पावसाचं मला काय करायचंय, गुरुजी? भिजतील तर भिजतील. मीठ आहेत का विरघळायला? तिनं ह्यांना बोलवावं, म्हणून घातलेत."

म्हसवडकर पातेल्याकडे पाहत राहिले. त्यांना जगातला प्रत्येक थेंब पडण्यापूर्वी दिसत असे, हे मात्र सोमवारपासून ओट्यावर भरून ठेवलेले असूनही दिसले नव्हते. ते स्टुलावर बसून म्हणाले, "मग आता?"

"मग आता काय! फोन तुमच्या खिशात आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "देवानं का लावायचा?"

मी निघू लागलो, तर म्हसवडकरांनी माझा हात धरून ठेवला. दूरध्वनी त्यांनी ओट्यावर ठेवला, त्यामुळे पलीकडचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू येत होता.

"पावसाचं सांगायला केला असेल तर ठेवा, बाबा."

"नाही."

"मग?"

"तुझी आई देव पाण्यात घालून बसली आहे."

"का? काय झालं?"

"तू मला बोलवावंस म्हणून."

पलीकडून "आख, बाबा," एवढेच आले. मग ती परीक्षा घेतल्यासारखी म्हणाली, "बरं, मला सांगा, शनिवारी इथे काय होणार आहे?"

त्यांच्या ओठांवर उत्तर आले होते. मी ते पाहिले. संपूर्ण खोरे, दोन्ही ओढे आणि बहुधा वेळही. म्हसवडकरांनी तोंड मिटले, मग म्हणाले, "मला काय ठाऊक? मी शनिवारी रजेवर आहे."

ती हसली की रडली हे मला सांगता येणार नाही. या यंत्रांतून दोन्ही सारखेच ऐकू येते. "या," ती म्हणाली. "आणि सोवळं की काय ते आणा. इथे मिळत नाही."

देव त्यांनी स्वतः बाहेर काढले. आधी पिंड काढली. ती कशी काढावी, याविषयी कुणी त्यांना मार्गदर्शन केले नाही.

उन्हाळ्यात त्यांनी रजा मागितल्यावर कचेरीत सर्वांना ते आजारी आहेत असे वाटले. ब्रिटन तेवढ्यापुरता पोलंडवाल्या बाईंकडे सोपवण्यात आला. निघताना त्यांनी त्या बाईंना सेव्हर्नविषयी इतक्या सूचना दिल्या की सासरी नव्याने जाणाऱ्या मुलीची आईही देणार नाही. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "हेर म्हसवडकर, तुमची गाडी चुकेल."

वयामुळे मी प्रवास करत नाही. तेथे पुरोहित मिळेना, म्हणून मंगलाष्टके मी येथूनच म्हणावीत असे ठरले. शनिवारी सुनेने समोर संगणकाचा पडदा लावून दिला. नवरदेवाच्या बहिणीने तिकडे दूरध्वनी हातात धरला होता. हिरवे कुरण, पांढरा मंडप, रुंद टोप्या घातलेल्या स्त्रिया, अंतरपाट आणि पाठीमागे नदी. पीतांबर नेसलेले म्हसवडकर मुलीच्या बाजूला ताठ उभे होते. त्यांनी मान किंचितही वर केलेली नव्हती. मी पहिले अष्टक संपवले आणि तिकडच्या पाहुण्यांनी मोठ्या उत्साहाने "सावधान" म्हटले.

दुसऱ्या अष्टकात पाऊस आला.

तो आधी आवाज म्हणून आला, मग सर्व चित्र धुरकट झाले. टोप्या मंडपाकडे धावल्या. भटजी दूर आणि यजमान पाण्यात, असा प्रसंग माझ्या आयुष्यात आलेला नव्हता. मी थांबलो. गवतातून पाणी चढू लागले होते. चौरंगाचे पाय दिसेनासे झाले. मृणालने हार सावरत वडिलांकडे पाहिले आणि मोठ्याने, हसत म्हणाली, "बाबा, आता बोला. आता परवानगी आहे!"

म्हसवडकरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग त्यांचे तोंड दूरध्वनीकडे वळले. "गुरुजी, थांबलात का? अक्षतांचा भात होतोय इथं. म्हणा!"

मी पुढे म्हणू लागलो. कोणीतरी त्यांच्यावर छत्री धरली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. जोडे काढून मंडपाकडे भिरकावले. मग ते खाली वाकले, दोन्ही हातांनी मुलीच्या शालूच्या निऱ्या पाण्यातून वर उचलून धरल्या आणि तसेच, घोटाभर पाण्यात, वाकलेले उभे राहिले. पीतांबर पोटरीला चिकटला होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होते.

नदी त्यांच्या पाठीशी होती. ती वर येत होती, हे मला हायडेलबर्गच्या खोलीत बसूनही स्पष्ट दिसत होते. ते मात्र निऱ्यांना लागलेला चिखल अंगठ्याने पुसत होते.